फितीआडचे संगणक

परत येऊन महिना व्हायला आला तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. सातारा-सांगलीकडची प्रेक्षणीय स्थळं ज्यांना वाचायची असतील त्यांनी खुशाल दुसरं काहीतरी वाचावं. मी त्या भागात हिंडले खरी, पण ना महाबळेश्वर पाहिलं ना कुठला किल्ला. मी संगणक पाहायला गेले होते आणि संगणकच पाहून आले.

मी पुण्यात एका बँकेच्या संगणक विभागात नोकरी करते. सध्या आमचं सगळं खातं एकाच कामाला जुंपलेलं आहे. नव्याण्णव साल संपून दोन हजार उजाडलं की दोन आकडी सालं लिहिणारे प्रोग्रॅम गोंधळणार, म्हणून जिथे जिथे साल आहे तिथे तिथे चार आकडे करत बसायचं. या कामाने डोकं पिकलेलं असताना रविवार सकाळ तेवढी माझी असते. एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही काहीजण जमतो आणि लिनक्सची खटपट करतो.

लिनक्स म्हणजे काय ते आधी सांगून टाकते. संगणक सुरू केला की त्याच्या आत सगळ्यांत आधी एक प्रणाली जागी होते आणि ती कळफलक, पडदा, डिस्क यांच्याकडून कामं करून घेते. घरोघरी दिसते ती विंडोज ही अशीच एक प्रणाली. लिनक्स ही दुसरी. फरक एवढाच की ती जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिली आहे, तिच्या आत काय लिहिलंय ते कुणालाही उघडून वाचता येतं, बदलता येतं आणि तिच्या कितीही प्रती वाटल्या तरी कुणी चोर म्हणत नाही. शिवाय जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रावरही ती मुकाट्याने चालते.

आमच्याबद्दल पेपरात दोन ओळी आल्या होत्या. त्या वाचून सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाकडच्या पिंपरमाळ नावाच्या गावातून सुजाता कांबळे नावाच्या शिक्षिकेचा फोन आला. शाळेला जुने संगणक भेट मिळालेत, पाठवणारा म्हणतो विंडोज त्यांच्यात मावणार नाही, तुमचं ते लिनक्स बसेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसवायला मीच येते. त्या यंत्रांना सीडी ड्राइव्ह नव्हते, म्हणून माझा एक जुना ड्राइव्ह शालीत गुंडाळून पिशवीत टाकला, रजा काढली आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्वारगेटहून सातारा गाडी धरली.

सातारा

साताऱ्यात माझे धाकटे दीर असतात. शिरवळच्या एका कारखान्यात ते अधिकारी आहेत, रोज साताऱ्याहून कंपनीच्या बसने ये-जा करतात. त्यांच्याकडे मुक्काम ठरलेलाच होता.

दिवाणखान्यात शिरताच नवा संगणक दिसला. म्हणजे संगणकाच्या आकाराची जांभळी मखमल दिसली. पडद्याला एक टोपी, डब्याला एक, कळफलकाला एक, आणि मखमलीच्या खाली दुकानातून आलेलं प्लॅस्टिकही तसंच. धूळ गेली की आत व्हायरस होतो, असं जाऊबाईंनी मला समजावलं. मी तेवीस वर्षं या क्षेत्रात आहे हे त्यांना ठाऊक आहे, पण हे त्यांना दुकानदाराने सांगितलं होतं आणि दुकानदाराचा शब्द मोठा.

रात्रीच्या जेवणाआधी माझ्या मानासाठी मखमल उतरवली गेली. दिरांनी गाणं लावून दाखवलं, माशांचं चित्र हलतं ते दाखवलं, आणि लगेच बंदही केलं, कारण तापतो. याच्या आधीचा कुठे गेला, मी विचारलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक चांगला संगणक मी पाहिला होता. तो म्हणे मोडीत दिला, नवीन विंडोज त्यावर चालत नव्हती. यंत्र बिघडलं होतं का? नव्हतं. त्यावर करायचं असलेलं एखादं काम अडलं होतं का? काम असं काही नव्हतंच. मग? तर म्हणाले, वहिनी, आता हे आलंय ना, मग ते जुनं.

मला तिथेच पहिल्यांदा राग आला. माझ्या आईचं शिवणयंत्र चाळीस वर्षं चाललं आणि ते जुनं झालंय असं तिला कुणी सांगायला आलं नाही. इथे धड चालणारं यंत्र माणसं मोडीत घालतात, आणि का, तर कुणीतरी कुठेतरी नव्या रंगाचा डबा बाजारात आणला म्हणून. मी लिनक्सचा विषय काढला. ती फुकट मिळते म्हटल्यावर दीर हसले आणि म्हणाले, फुकट असेल तर त्यात काहीतरी भानगड असणार. सकाळी निघताना त्यांनी कंदी पेढ्यांचा पुडा दिला. पेढे मात्र उत्तम होते, हे रागातही कबूल करते.

कराड

कराडला स्टँडसमोरच संगणकाच्या क्लासच्या पाट्या एकीवर एक चढवलेल्या आहेत. एका क्लासच्या मालकांना भेटायचं मी आधीच ठरवलं होतं. इंजिनिअरिंग कॉलेजमुळे इथे पोरं पुष्कळ, तेव्हा एका तरी यंत्रावर लिनक्स बसवून द्यावी असा माझा बेत होता.

मालक तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी चहा मागवला आणि मला क्लास दाखवला. चपला बाहेर, आत गार हवा, भिंतीवर अभ्यासक्रमांची नावं. सगळ्या यंत्रांवर एकाच सीडीवरून उतरवलेली विंडोज. ती सीडी त्यांनी अभिमानाने दाखवली, वर मार्कर पेनाने नाव लिहिलेली. अख्ख्या तालुक्यात हीच फिरते, असंही म्हणाले. अभ्यासक्रम म्हणजे काय, तर कुठलं बटण कुठे आहे ते पाठ करायचं आणि परीक्षेत ते दाबायचं. संगणक आत काय करतो, तो असं का करतो, हे विचारणारं पोर त्यांना अजून भेटलं नव्हतं किंवा भेटलं असेल तर त्याला गप्प बसवलं गेलं असेल.

मी माझी लिनक्सची सीडी पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि नम्रपणे परत दिली. पालक येऊन पहिलं विचारतात, विंडोज शिकवता का. दुसरं काही शिकवलं तर क्लास रिकामा पडेल. शिवाय फुकटची वस्तू ठेवली तर क्लासची किंमत कमी होते, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे चोरलेली चालते आणि फुकटची चालत नाही. मी हे त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांना वाईट वाटलं नाही, उलट ते हसले आणि पुन्हा चहाचं विचारू लागले.

मी तिथून उठले ती तरातरा चालत कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन बसले. समोरासमोरून येऊन दोन नद्या भेटतात आणि मग काटकोनात वळून जातात, ते पाहायला लोक लांबून येतात. मी अर्धा तास त्या पाण्याकडे पाहिलं आणि त्या हसऱ्या तरुणाला मनात काय काय सुनावलं. पुण्यात काही वेगळं आहे असं मात्र नाही. आमच्या बँकेतही दसऱ्याला संगणकांना झेंडूचे हार घालतात आणि आमचे साहेबही फुकट म्हटलं की नाक मुरडतात. फक्त पुण्यात नाक मुरडताना इंग्रजीत मुरडतात.

सांगली

सांगलीला कांबळे बाई मला स्टँडवर भेटणार होत्या. जिल्ह्याच्या कचेरीत त्यांचं काम होतं आणि मला जुन्या यंत्रांसाठी काही सुटे भाग घ्यायचे होते. पण गाडीतून उतरता उतरताच घोटाळा झाला. सामान ठेवायच्या फळीवर माझ्या पिशवीवर कुणीतरी हळदीचं पोतं टाकलं होतं आणि पोत्याला भोक होतं. शाल, पिशवी, पेढ्यांचा पुडा आणि सीडी ड्राइव्ह, सगळं पिवळंजर्द. मी पोत्याच्या मालकाला बोलायला तोंड उघडलं तर तो म्हातारा म्हणाला, "आवं बाई, हळद लागली, शकुन चांगला झाला की." आणि पोतं उचलून पेठेकडे चालूही लागला.

कांबळे बाईंनी मला लगेच ओळखलं, पिवळ्या हातांवरून नव्हे, चेहऱ्यावरच्या रागावरून, असं त्यांनी नंतर सांगितलं. तिशीच्या आसपासची, बारीक, चष्म्यातून नीट रोखून पाहणारी बाई. पिंपरमाळच्या बौद्धवस्तीतून विज्ञानाची पदवी घेतलेली पहिली मुलगी. कोल्हापूरला शिकताना स्वतःच्या हिमतीवर संगणकाचं थोडं शिकलेली. पिंपरमाळच्याच शाळेत त्या आता गणित शिकवतात. आम्ही भडंग खात बाजार फिरलो, सुटे भाग घेतले आणि दुपारच्या गाडीने निघालो.

तासगावपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव होते. भिवघाट चढून गेलं की हिरवा रंग संपतो. मग माळ, मेंढरं, बोरी-बाभळी आणि मध्येच एखादी डाळिंबाची बाग. या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्याला देशभर जातात. सोनं वितळवून शुद्ध करण्याची दुकानं ते दूरदूरच्या शहरांत चालवतात. शाळेच्या, कोइमतूरला गेलेल्या अशाच एका माजी विद्यार्थ्याने तिकडच्या एका कचेरीने टाकून दिलेले संगणक मिळवून ट्रकने गावी पाठवले होते.

हे सगळं बाई सांगत होत्या आणि मी ऐकत होते. मग मी विचारलं की मुली आतापर्यंत काय काय शिकल्या. बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "मॅडम, फोनवर सांगितलं असतं तर तुमी आला नसता. संगणक अजून खोक्यातच हायत."

खोकी गेल्या पाडव्याला आली होती. म्हणजे जवळजवळ वर्ष. उद्घाटन तालुक्याच्या पुढाऱ्यांच्या हस्ते करायचं ठरलं होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी पहिली तारीख दिली तेव्हा निवडणूक आली. दुसरी दिली तेव्हा त्यांच्या भावकीत कुणी वारलं. तिसरी सव्वीस जानेवारीची. त्या दिवशी मांडव घातला, फीत बांधली, मुलं सकाळपासून उन्हात बसली आणि अण्णा आलेच नाहीत. आता परवाची तारीख होती. उद्घाटनाआधी खोकी उघडायची नाहीत असा मुख्याध्यापकांचा दंडक होता.

बाईंचा जीव अडकला होता तो दहावीच्या मुलींत. ट्रक आला त्या दिवशी त्याच मुलींनी खोकी डोक्यावरून आत वाहिली होती आणि बाईंनी त्यांना शब्द दिला होता की शाळा सोडायच्या आधी प्रत्येकीचा हात संगणकाला लागेल. मार्चमध्ये त्यांची परीक्षा. पुढचं कॉलेज तालुक्याला, तिथवर जाणाऱ्या कितीजणी असतील हे बाईंना ठाऊक होतं. काहींची तर लग्नं ठरली होती.

पिंपरमाळ, पहिला दिवस

बाईंच्या घरीच उतरले होते. त्यांच्या आईने रात्री बाजरीची भाकरी आणि सकाळी हुलग्यांचं माडगं दिलं. माडगं मी पहिल्यांदाच प्यायले. कुळथाचं पिठलं आमच्याकडे होतं, पण त्याच धान्याचं असं गूळ घातलेलं, वाटीतून पिण्याचं काही होत असेल हे मला माहीत नव्हतं. घराला लागून समाजमंदिर. एक साधी स्लॅबची खोली, आत बुद्धांची मूर्ती, दोन ट्यूबलाइट आणि संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या पोरांच्या सतरंज्या.

शाळेत गेलो. संगणक कक्ष असं रंगवलेल्या दाराला आडवी गुलाबी फीत बांधलेली होती. सव्वीस जानेवारीपासून तशीच. ऊन लागून एका बाजूने तिचा रंग उडाला होता. मुख्याध्यापक मोहिते सर साठीला आलेले, धोतर-टोपीतले, आदबशीर. उद्या अण्णा बटण दाबतील तेव्हा पडदा उजळला पाहिजे, म्हणून आता खोकी उघडायला त्यांनी परवानगी दिली होती. मी फितीची गाठ सोडायला हात घातला तर ते धावत आले. बांधलेली फीत सोडायची नाही, ती अण्णाच कापतील.

मग आत कसं जायचं? तर वाकून.

मी पन्नाशीला आले आहे आणि माझे गुडघे दुखतात. त्या दिवशी मी किती वेळा त्या फितीखालून वाकून गेले-आले असेन देव जाणे. बाई वाकत होत्या, पाण्याची कळशी घेऊन शिपाई वाकत होता, खुद्द मोहिते सर टोपी हाताने धरून वाकत होते. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

खोकी उघडली तर दोहोंत उंदरांनी घरं केली होती, तारा कुरतडून ठेवल्या होत्या. वर्षभर वीज न लागल्याने आतले घड्याळाचे सेल मेले होते. धड यंत्रं, कुणीतरी पदरमोड करून हजारभर किलोमीटरवरून धाडलेली, आणि ती उंदरांना वापरायला दिली, माणसांना नाही. मी हे मोहिते सरांना चढ्या आवाजात ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले की मागच्या पावसात दोन वर्गांचं छप्पर उडालं, ते अण्णांशिवाय कुणी घालून देणार नाही, मग त्यांचा मान ठेवायला नको का. आणि हो, पुढच्या वर्षी सगळेच कॉम्प्युटर बंद पडणार आहेत म्हणतात, ते खरं का, असंही त्यांनी विचारलं. माझ्या नोकरीचा विषय निघेल म्हणून मी पुढचं खोकं ओढलं.

पिवळा ड्राइव्ह एकेका यंत्राला जोडत दुपारपर्यंत चार यंत्रांवर लिनक्स बसली. ड्राइव्हचा रंग बघून मोहिते सरांनी समाधानाने मान हलवली, मी आधीच पूजा केली असं त्यांना वाटलं. या यंत्रांत खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. पण त्या अक्षरांत हुकूम लिहिला की यंत्र ऐकतं, हिशेब करतं, प्रोग्रॅम चालवतं.

मधल्या सुट्टीत दहावीच्या मुली दाराशी आल्या आणि फितीला लागून रांगेत उभ्या राहिल्या. मी त्यांना आत या म्हटलं. त्या मोहिते सरांकडे बघायला लागल्या.

सर म्हणाले, "आधी अण्णांचा हात लागूद्या, मॅडम. मंग पोरींचा."

मी काहीतरी कडक बोलणार तेवढ्यात बाईंनी माझा हात दाबला. आणि त्यांनी एक युक्ती काढली. लिनक्समध्ये कुठल्याही महिन्याचं कॅलेंडर पाहता येतं. मुलींनी बाहेरून जन्मतारीख सांगायची, मी आतून टाकायची आणि वार सांगायचा. पहिलीने सांगितलं, एक जून. दुसरीने, एक जून. तिसरीचाही एक जून. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची तारीख आईबापांना ठाऊक नसली की गुरुजी एक जून लावून मोकळे होतात. ही रीत मला ऐकून माहीत होती, पण अख्खी रांग एका दिवशी जन्मलेली मी प्रथमच पाहत होते. मी त्र्याऐंशी सालचा तो महिना पडद्यावर आणला आणि बुधवार म्हणून सांगितलं.

रांगेच्या शेवटी अलका खरात नावाची मुलगी होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली, उंच, धीट. ती म्हणाली, "माझी आय म्हणती मी शनवारी झाले. बाजारच्या दिशी. हुरडा चालला हुता."

म्हणजे जूनही खोटा आणि बुधवारही खोटा. मुली हसायला लागल्या. अलका हसली नाही. तिने विचारलं, "मंग बाई, माझा खरा दिस हुडकता यील का ह्यात?"

येईल, मी म्हटलं. हुरड्याचे महिने काढायचे, त्यांतले शनिवार पाहायचे आणि आईला विचारायचं की सण कुठला जवळ होता. ती म्हणाली, मी आयला इचारून येते, पण हुडकायचं मी. एवढं बोलून ती फितीवरून आत वाकून पडद्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं की यात मराठी कुठे आहे. तेव्हा मला खाली बघावं लागलं. लिनक्समध्ये मराठी नव्हती. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली प्रणाली, पण तिच्यात आमची अक्षरं कुणी घातली नव्हती आणि रविवारी गच्चीत जमून फुशारक्या मारणाऱ्या आम्हीही घातली नव्हती. घंटा झाली आणि मुली वर्गात गेल्या.

उद्घाटन

अण्णा आले, हेच मोठं नवल. दुपारी येणार होते, उन्हं कलायला आल्यावर आले. तोवर मुलं मांडवात, ढोल-ताशा दारात आणि वाटाण्याची उसळ मोठ्या पातेल्यात. दहावीच्या मुली नवे परकर-पोलके घालून हातात आरत्या घेऊन उभ्या होत्या. संगणकासाठी त्यांना नेमून दिलेलं काम तेवढंच.

फीत कापली, नारळ फुटला. आत मी एक यंत्र तयार ठेवलं होतं. मोहिते सरांना पडद्यावर मराठीत स्वागत हवं होतं, ते शक्य नव्हतं, म्हणून इंग्रजीत मोठ्या अक्षरांत स्वागताचा शब्द येईल असं केलं होतं. अण्णांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. फोटोवाल्याने फोटो काढला.

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चित्र कुठाय?"

मी सांगायला लागले की ही वेगळी प्रणाली आहे, जुन्या यंत्रावर चालते, हिच्यात मुलींना आतून सगळं शिकता येतं. त्यांनी ऐकून घेतलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या नातवाच्या संगणकात मोटारी पळतात, रंग असतो. हे तर बंद पडलेल्या टीव्हीसारखं दिसतंय, असं ते मोहिते सरांना म्हणाले आणि बाहेर मांडवात गेले.

भाषणात त्यांनी ते जाहीरच केलं. कुणीतरी शाळेच्या गळ्यात भंगार बांधलंय. पण आपण हयात असताना गावच्या लेकरांनी भंगारावर शिकायचं कारण नाही. लवकरच नवे, रंगीत, विंडोजचे संगणक येतील. "हे भंगार उद्याच्या उद्या हलवा. शाळंची शोभा जाती." टाळ्या पडल्या. मोहिते सरांनीही वाजवल्या. दोन हातांत आरतीचं ताट धरलेल्या मुलींना वाजवता आल्या नाहीत.

माझा सत्कार ठेवला होता. शाल-नारळ घ्यायला मला बोलावलं तेव्हा मी आधी माइक धरला. मी म्हटलं की ही यंत्रं भंगार नाहीत. वर्षभर एका माणसाच्या सवडीसाठी तुम्ही ती खोक्यात कोंडली, त्यांना उंदीर लावले. ज्या पोरींनी ती डोक्यावरून आणली त्यांना दाराबाहेर उभं केलंत, आणि आता ती चालतात तर रंग नाही म्हणून फेकताय. एवढं बोलून होईपर्यंत माइकवाल्याने देशभक्तीपर गाणं लावलं होतं. पुढचं माझं मलाच ऐकू आलं नाही. अण्णा प्रेमाने हसले आणि त्यांनी स्वतः माझ्या खांद्यावर शाल टाकली. ती शाल मी तिथल्याच खुर्चीवर ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तेव्हा कक्षाला कुलूप होतं. चौकटीला गुलाबी फितीची दोन टोकं लोंबत होती. आता वाकायला लागत नव्हतं, पण आत जाताही येत नव्हतं. मोहिते सर म्हणाले, अण्णांनी हलवा म्हटलंय, तेव्हा आता मुलींना हात लावू देता येणार नाही. कुठे हलवायचं ते मात्र त्यांना सांगितलेलं नव्हतं.

एसटीच्या थांब्यावर मी बाईंसमोर अण्णांना, सरांना, साताऱ्याच्या मखमलीला आणि कराडच्या सीडीला एका दमात शिव्या घातल्या. बाई ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या रडल्या नाहीत. गाडी दिसली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मॅडम, त्यो ड्राइव्ह हितंच ठेवून जावा." कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी पिवळी पिशवी तशीच त्यांच्या हातात दिली आणि गाडीत चढले.

पुणे

परत आल्यावर मी पुन्हा चार आकडी सालं लिहीत बसले. रविवारी गच्चीवर सगळं सांगितलं. आमच्यातला एकजण तेव्हापासून देवनागरी अक्षरांच्या मागे लागला आहे, बघू. मी मात्र पिंपरमाळचं नाव काढलं की चिडायची. घरातले तो विषय टाळायला लागले.

परवा दुपारी ऑफिसात फोन आला. बाई होत्या. एसटीडी बूथवरून बोलत होत्या आणि मागे पोरींचा गलका ऐकू येत होता. मी विचारलं, नवे संगणक आले का. नाही आले, येणारही नाहीत, त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे घडलं ते सांगितलं. भंगार हलवा असा हुकूम झालेला, पण हलवायला कुणी पुढे येईना. तेव्हा बाई स्वतःच मोहिते सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, सर, मी हलवते. सरांनी आनंदाने कुलूप काढून दिलं. दहावीच्या मुलींनी ते संगणक पुन्हा एकदा डोक्यावर घेतले आणि वस्तीवरच्या समाजमंदिरात नेऊन मांडले. आता रोज संध्याकाळी तिथे सतरंजीवर वर्ग भरतो. दहावीची परीक्षा चालू आहे, तरी पेपरच्या आदल्या दिवशी सोडून मुली येतात. शाळा सुटली म्हणून त्यांचं येणं बंद व्हायचं कारण नाही, ती जागा शाळेची नाहीच. लग्न ठरलेल्यांतली एकजण तर सासरच्यांना दाखवायला घेऊन आली.

मग फोन अलकाने घेतला. तिने आधी नमस्कार वगैरे काही म्हटलं नाही. "बाई, एकोणतीस जानेवारी," ती म्हणाली. "आय म्हणली संक्रातीनंतरचा तिसरा बाजार. म्या सोता हुडकला. शनवारच हाय."

यंदाच्या एकोणतीस जानेवारीला, तिच्या खऱ्या वाढदिवशी, ती खोकी अजून फितीआड बंद होती, हे मनात आलं आणि पुन्हा राग आला. वाया गेलेलं ते वर्ष कुणी परत देणार नाही आणि अण्णांना त्याचा जाब कुणी विचारणार नाही.

बाईंनी फोन परत घेतला. म्हणाल्या, मोहिते सर काल समाजमंदिरात येऊन गेले. दारात बराच वेळ उभे राहिले, पोरी काय करतात ते बघितलं, खूश झाले. आणि जाताना म्हणाले की हे चांगलं चाललंय, एकदा अण्णांना बोलावू, छोटीशी फीत बांधू, रीतसर उद्घाटन होऊन जाऊद्या.

माझा आवाज चढला. तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "मी म्हणलं, सर, भंगाराचं कसलं उद्घाटन?"